तोंडाची कोरड आणि लुळे पडलेले पाय: आजार एकच कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई नागपुरात राहतात, आई नरखेड तालुक्यातल्या गावी. आईचं वय ५२. गेल्या आठ महिन्यांत तीनदा आईचे हातपाय अचानक लुळे पडले. तिन्ही वेळा रक्तात पोटॅशियम कमी निघालं, ते सलाईनमधून भरलं, दोन दिवसांत आई चालायला लागली आणि सुट्टी झाली. तिसऱ्या वेळी नागपुरातल्या डॉक्टरांनी आणखी तपासण्या करून 'शोग्रेन सिंड्रोम' असं निदान लिहिलं. ताईंना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. डोळे आणि तोंड कोरडं पडण्याच्या आजाराचा पायांशी काय संबंध? नात्यातले एकजण म्हणतात तसं लगेच स्टेरॉइड सुरू करावं का? आणि हा आजार उद्या आणखी कुठला अवयव धरेल?

ताई, संबंध आहे आणि तो अगदी थेट आहे. तुमच्या आईच्या पायांत दोष नाही, मणक्यातही नाही. बिघाड किडनीत आहे. लाळग्रंथींवर हल्ला करणाऱ्या पेशींनीच किडनीवरही हल्ला केला आहे. गेली पंचवीसेक वर्षं मी नागपुरात संधिवाताचे आणि त्यासारख्या आजारांचे रुग्ण पाहतो. शोग्रेनचं पहिलं दर्शन असं पायांतून झालेल्या बायका मी बऱ्याच पाहिल्या आहेत, आणि बहुतेकींना निदान मिळायला वर्षं गेली.

हेन्रिक शोग्रेन हे स्वीडनचे डोळ्यांचे डॉक्टर. १९३३ साली त्यांनी आपल्या प्रबंधात डोळे आणि तोंड कोरडं पडलेल्या, सांधे दुखणाऱ्या बायकांचं वर्णन केलं. तेव्हापासून हा आजार कोरडेपणाचा म्हणून ओळखला जातो. प्रत्यक्षात घडतं असं: शरीराचं रक्षण करणाऱ्या लिम्फोसाइट पेशी ग्रंथींमधल्या बारीक नळ्यांभोवती जमतात आणि त्यांचं काम बंद पाडतात. लाळ आणि आसवं या नळ्यांमधूनच येतात, म्हणून कोरड पडते. किडनी तर सगळी नळ्यांचीच बनलेली. तिथेही या पेशी नळ्यांच्या आजूबाजूला ठाण मांडून बसू शकतात.

किडनीच्या नळीच्या शेवटच्या भागाकडे एक मोठं काम असतं: शरीरात रोज तयार होणारं आम्ल लघवीत ढकलणं. ते थांबलं की रक्तात आम्ल साचतं आणि लघवीतून पोटॅशियम वाहून जात राहतं. याला 'रीनल ट्यूब्युलर ॲसिडोसिस' म्हणतात. रक्तात पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असावं लागतं. ते २ च्या आसपास आलं की स्नायू आकुंचनच पावत नाहीत. आधी मांड्या आणि खांदे जातात. त्याहून खाली गेलं तर श्वासाचे स्नायू थकतात, हृदयाचे ठोके चुकतात. म्हणून 'दोन दिवसांत बरी होते' एवढ्यावर समाधान मानू नका. झटका येतो तेव्हा जिवाला धोका असतो.

एका बाईंची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. काटोलकडच्या संत्र्याच्या पट्ट्यातल्या, वय चाळिशीचं. नवऱ्याने आणि दिराने छोट्या मालवाहू गाडीत खाट टाकून आणलं होतं. 'सकाळी उठाले गेली तं पायच नाही हालले जी,' एवढंच त्या सांगत होत्या. गावात लकवा मारला म्हणून तेल चोळून झालं होतं, बाहेरचं काही असेल म्हणून उतारा झाला होता, तालुक्याला जीबीएस, म्हणजे नसांच्या सुजेने येणारा लुळेपणा, म्हणून चिठ्ठी लिहिली होती. पोटॅशियम १.७ निघालं. ईसीजीवर टी लहर सपाट झालेली, तिच्यामागे यू लहर उठून दिसत होती, म्हणजे पोटॅशियम फार कमी असल्याची खूण. पोटॅशियम सुरू केलं. त्या जरा सावरल्यावर माझं लक्ष उशाशी ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीकडे गेलं. प्रत्येक दोन वाक्यांनंतर त्या एक घोट घेत होत्या. विचारलं तर नवराच म्हणाला, 'ते तं तिची सवयच आहे, भाकर पाण्याशिवाय उतरतच नाही.' तोंडात बॅटरी मारली. जीभ भेगा पडलेल्या ओढ्याच्या तळासारखी, दातांच्या मुळाशी काळे खड्डे. ज्या घराच्या अंगणात हंगामात संत्र्यांचे ढीग लागतात, त्या घरच्या बाईने चार वर्षांत संत्र्याची एक फोड खाल्ली नव्हती, कारण तोंडाची आग होत होती. ठेचा कधीच सुटला होता. डोळ्यांच्या खालच्या पापणीत सोख्त्याच्या कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं थांबलो. निरोगी डोळ्यात ती चांगली भिजते, ५ मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर डोळा कोरडा. त्यांची २ मिलिमीटर भिजली.

त्या बाईंनी चार वर्षांत कोरड पडते हे कुणालाही सांगितलं नव्हतं. दात किडले म्हणून दातांच्या डॉक्टरकडे गेल्या, डोळ्यांत कचकच होते म्हणून थेंब आणले, पाय गेले म्हणून मोठ्या दवाखान्यात आल्या. तीन ठिकाणी तीन तक्रारी सांगितल्या, म्हणून तिघांनाही आजाराचा एकेक तुकडाच दिसला. दुर्मीळ आजारांत मला वारंवार दिसणारी गोष्ट हीच आहे. ज्या अवयवासाठी माणूस दवाखान्यात येतो त्याचा उलगडा दुसऱ्याच अवयवात असतो, आणि त्या दुसऱ्या अवयवाची तक्रार इतकी जुनी झालेली असते की रुग्ण ती सांगायचंही सोडून देतो.

आता तुमच्या आईच्या बाबतीत प्रत्यक्ष उपयोगी पडेल असं. तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या वेळी गावातल्या दवाखान्यात आधी 'ताकदीची सलाईन' लावली आणि त्यानंतर हातही गेले. हे योगायोगाने झालेलं नसावं. ताकदीची म्हणून जी लावतात ती ग्लुकोजची असते. ग्लुकोज गेलं की इन्सुलिन वाढतं, आणि इन्सुलिन रक्तातलं उरलंसुरलं पोटॅशियम पेशींच्या आत ढकलतं. आधीच कमी असलेली पातळी आणखी उतरते. सोडा बायकार्बचंही तसंच: आम्ल जास्त आहे म्हणून घाईने आधी सोडा दिला तर पोटॅशियम आणखी घसरतं. आधी पोटॅशियम, मग सोडा, हा क्रम आहे. आईच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: 'पोटॅशियम कमी होण्याचा आजार आहे. अशक्तपणा आल्यास आधी पोटॅशियम तपासावे. ग्लुकोजची सलाईन लावू नये.' गावच्या डॉक्टरांना एकदा स्वतः भेटून हे सांगा. त्यांना राग येणार नाही, उलट बरंच वाटेल. रात्री दोन वाजता आई त्यांच्याच दारात जाणार आहे.

सुट्टीच्या कागदावर पोटॅशियम क्लोराइडचं सिरप पंधरा दिवस आणि मग बंद, असं लिहिलेलं तुम्ही सांगितलं. तिसरा झटका येण्याचं कारण मला यातच दिसतं. क्लोराइडने खड्डा भरतो, पण आम्ल तसंच राहतं आणि गळती सुरूच राहते. या आजारात बहुधा पोटॅशियम सायट्रेट लागतं. सायट्रेटचं शरीरात सोड्यात रूपांतर होतं, म्हणजे एकाच औषधाने दोन्ही कामं होतात, आणि किडनीत खडे धरायचंही कमी होतं. ही औषधं वर्षानुवर्षं घ्यावी लागतात. मात्रा रक्त तपासून ठरते, ती मनाने वाढवू नका. पोटॅशियम जास्त झालं तरी हृदयाला तितकाच धोका असतो. किडनीची सोनोग्राफी झाली नसेल तर करून घ्या. बरीच वर्षं आम्ल साचून राहिलं की किडनीत चुना साठतो आणि हाडं मऊ पडतात. आई कंबर आणि बरगड्या दुखतात म्हणत असेल तर ते वयाचं समजू नका.

मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, घाम आणि जुलाब दोन्ही पोटॅशियम खाली आणतात. उन्हाळ्यात तपासणी लवकर लवकर करा. रक्तदाबासाठी कुणी लघवी वाढवणारी गोळी दिली तर घेण्याआधी विचारा.

आता स्टेरॉइडचं. ज्यांनी सांगितलं त्यांचा हेतू चांगलाच असेल. पण फक्त नळीचा हा बिघाड असेल तर बहुतेक रुग्णांचं पोटॅशियम सायट्रेटवर भागतं. सांधे, अंगावर पुरळ, थकवा असेल तर हायड्रॉक्सीक्लोरोक्विन देतात. वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या वर नाही, आणि पडदा तपासण्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नियमित जायचं. आईची किडनी आधीच बाधित आहे, म्हणून ही तपासणी टाळू नका. क्रिएटिनिन (किडनीचं काम किती चालतंय ते सांगणारी रक्ततपासणी) चढत असेल, किडनीला सूज असेल, तर स्टेरॉइडचा विचार होतो, कधी किडनीचा तुकडा तपासूनही. हा निर्णय किडनीचे आणि संधिवाताचे डॉक्टर मिळून घेतात.

आणि स्टेरॉइडच्या आधी आपल्या भागात एक प्रश्न विचारावाच लागतो: हा खरंच स्वतःच्याच पेशींचा हल्ला आहे, की त्याचं सोंग घेतलेला जंतू आहे? या प्रश्नावर मी थोडा लांब बोलणार आहे. माझ्या कामात सगळ्यात जास्त नुकसान मी इथेच होताना पाहिलं आहे.

तुमच्या आईपासूनच सुरुवात करू. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही या दोन्ही संसर्गांत शोग्रेनसारखीच कोरड पडते, लाळग्रंथी सुजतात. म्हणून हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही या तपासण्या झाल्या आहेत का ते फाइलमध्ये बघा. यात लाजण्यासारखं काही नाही, कुणाच्याही बाबतीत मी त्या करूनच घेतो.

दुसरं उदाहरण कुष्ठरोगाचं. विदर्भाने या रोगासाठी मोठं काम केलं आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ साली सुरू केलेलं कुष्ठधाम असो की वरोऱ्याचं बाबा आमटेंचं आनंदवन. २००५ च्या अखेरीस देशात रुग्णांचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं आणि 'निर्मूलन झालं' अशी घोषणा झाली. त्यानंतर तरुण डॉक्टरांच्या मनातून हा रोग जवळपास पुसला गेला. रुग्ण मात्र येतच आहेत. कुष्ठाच्या जंतूंवर शरीर उलटून पेटतं तेव्हा ताप येतो, सांधे सुजतात, कातडीवर दुखऱ्या लाल गाठी उठतात, डोळा लाल होतो, पुरुषांमध्ये वृषण सुजतात, लघवीतून प्रथिनं जातात. हे वर्णन कुणालाही ल्युपस (शरीर स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा आजार) किंवा रक्तवाहिन्यांच्या दाहाचं वाटेल. त्यात अशा आजारांसाठी करतात त्या आरए फॅक्टर आणि एएनए या रक्ततपासण्याही खोट्या पॉझिटिव्ह येऊ शकतात. स्टेरॉइड दिलं की रुग्ण चार दिवसांत हसत घरी जातो, आणि निदान बरोबर होतं असं सगळ्यांना वाटतं.

भंडाऱ्याकडचा एक धानशेतकरी माझ्याकडे आला तेव्हा तो तीन वर्षं 'संधिवाताचं' स्टेरॉइड खात होता. हात पुढे करायला सांगितलं, कोपर वाकवलं आणि कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडामागे बोट फिरवलं. तिथे जी नस दोरीसारखी हलकी लागायला हवी, ती करंगळीएवढी जाड होती. करंगळीवर बिडीचा चटका बसलेला होता आणि तो त्याला कळलाही नव्हता. भुवयांचे बाहेरचे केस विरळ, कानाच्या पाळ्या जाड. बारा महिन्यांच्या बहुऔषधी उपचाराने जंतू गेले, पण करंगळीतली जाणीव परत आली नाही. नस चाचपायला अर्धं मिनिट लागतं, पैसा एक लागत नाही.

क्षयाचंही एक रूप असंच आहे. किडनीवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींमध्ये क्षय शिरतो. माणूस बारीक होतो, चक्कर येते, मीठ खावंसं वाटतं, तळहाताच्या रेषा आणि हिरड्या काळ्या पडतात. सोडियम खाली आणि पोटॅशियम वर, म्हणजे तुमच्या आईच्या बरोबर उलट. इथे क्षयाचं औषध सुरू करताना खास काळजी घ्यावी लागते, कारण रिफाम्पिसिन हे क्षयाचं औषध शरीरातलं कॉर्टिसॉल (ॲड्रिनल ग्रंथी बनवतात ते स्टेरॉइड) वेगाने संपवतं. आधीच कोरड्या पडलेल्या ग्रंथीला ती भरपाई करता येत नाही आणि उपचार सुरू झाल्यावर रुग्ण कोसळतो. अशा रुग्णाला हायड्रोकॉर्टिसोन आधी द्यावं लागतं. स्टेरॉइड इथे शत्रू नाही, ते रुग्णाच्या शरीरात कमी पडलेलं द्रव्यच आपण परत देतो.

स्क्रब टायफसबद्दल नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात त्याने बरेच जीव घेतले. गवताझुडपांतल्या बारीक किड्याची अळी चावते, आठ-दहा दिवसांनी ताप येतो. चावल्या जागी विडीने भाजल्यासारखी काळी खपली दिसते, पण ती दुखत नाही आणि काखेत, जांघेत, स्तनाखाली, पोटाच्या वळीत लपते. कपडे न काढता तपासलं तर सापडत नाही. हा आजार यकृत, फुप्फुस आणि किडनी धरतो हे आता बहुतेकांना माहीत आहे. तो कानही धरतो हे कमी जणांना माहीत आहे. ताप आलेल्या माणसाला अचानक ऐकू कमी येऊ लागलं की मी खपली शोधायला लागतो. हृदयाच्या स्नायूला सूज, स्वादुपिंडाला सूज, खडा नसताना पित्ताशय सुजणं, हे सगळं यात होऊ शकतं. डॉक्सीसायक्लिन वेळेत मिळालं तर ताप बहुधा दोन-तीन दिवसांत उतरतो. गंभीर रुग्णांसाठी शिरेतून डॉक्सीसायक्लिन आणि ॲझिथ्रोमायसिन दोन्ही एकत्र देणं एकेकट्या औषधापेक्षा चांगलं, हे भारतातच झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं. अशा रुग्णाला ल्युपस समजून नुसतं स्टेरॉइड देत बसलं तर काय होईल, याची कल्पना करा.

विषाणूंबद्दल लांबण लावत नाही. डेंग्यूनंतर कधीकधी संरक्षक पेशी इतक्या पेटतात की अस्थिमज्जेत स्वतःच्याच रक्तपेशी खाऊ लागतात. ताप उतरत नाही, फेरिटिन हा रक्तातला घटक हजारोंमध्ये जातो. चिकुनगुनियाचे सांधे महिनोन्महिने दुखतात आणि हुबेहूब संधिवातासारखे दिसतात. मेंदूला सूज आणणाऱ्या चांदीपुरा विषाणूचं नावच नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुऱ्यावरून पडलं आहे. १९६५ साली इथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात तो पहिल्यांदा सापडला. इथे आम्ही तापाला साधा समजायला घाबरतो, ते यामुळेच.

आता उलटी चूक, आणि ही माझ्या हातून झालेली आहे. बरीच वर्षं झाली. तेव्हा मी ज्या दवाखान्यात होतो तिथे एक तिशीतला शिंपी आला. खोकला, थुंकीत रक्त, ताप, वजन कमी, छातीच्या फोटोत पोकळी. तीनदा थुंकी तपासली, जंतू नाही. तरीही आपल्याकडे पोकळी म्हणजे क्षय, असं मानून मी क्षयाचं औषध सुरू केलं. नाकातून खपल्या पडतात असं तो म्हणाला होता. धुळीने होत असेल म्हणून मी सोडून दिलं. दोन महिन्यांनी पायांवर सूज घेऊन आला, क्रिएटिनिन ६. तेव्हा पहिल्यांदा लघवी तपासली, तर लाल पेशींनी भरलेली. तो जीपीए होता, म्हणजे नाक, फुप्फुस आणि किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांचा दाह. या दाहासाठी करतात ती एएनसीए ही रक्ततपासणी, पीआर३ प्रकारची, ठसठशीत पॉझिटिव्ह. उपचारांनी तो वाचला, पण त्याच्या किडन्या पूर्ण सावरल्या नाहीत. पहिल्याच दिवशी लघवीची साधी तपासणी केली असती तर दोन महिने वाचले असते. त्या दिवसापासून फुप्फुसाचा कुठलाही रुग्ण आला की मी लघवी तपासतो, आणि नाकाबद्दल विचारून उत्तर पूर्ण ऐकतो.

याच्याही उलट एक फसगत आहे, तिचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. हृदयाच्या झडपेवर जंतू बसले तरी एएनसीए पॉझिटिव्ह येऊ शकतो, लघवीत रक्त येऊ शकतं, किडनी सुजू शकते. तिथे जीपीए समजून जोराची औषधं दिली तर जंतूंना मोकळं रान मिळतं. म्हणून ताप असलेल्या रुग्णाचं रक्त प्रतिजैविकं सुरू होण्याआधी कल्चरला पाठवायचं आणि हृदयावर स्टेथोस्कोप नीट ठेवायचा. शेतात अनवाणी काम करणाऱ्यांच्या आतड्यात स्ट्राँगिलॉइडिस हा जंत वर्षानुवर्षं गुपचूप राहतो आणि स्टेरॉइड मिळालं की अंगभर पसरतो. आईला कधी स्टेरॉइड द्यायची वेळ आलीच तर डॉक्टरांना ती शेतात काम करते हे आवर्जून सांगा. छातीचा फोटो, साखर, हिपॅटायटिस आणि जंताचा विचार, एवढं झाल्याशिवाय पहिली गोळी नको.

तुमचा तिसरा प्रश्न, आणखी कुठला अवयव. मी घाबरवणार नाही आणि लपवणारही नाही. शोग्रेनच्या बहुसंख्य रुग्णांना आयुष्यभर कोरड, सांधेदुखी आणि थकवा यांपलीकडे फार काही होत नाही. तरी चार ठिकाणी लक्ष ठेवा. महिनोन्महिने न जाणारा कोरडा खोकला किंवा चढावर दम लागणं, हे फुप्फुसाचं असू शकतं. अंधारात किंवा डोळे मिटून तोंड धुताना तोल जाणं, पायात मुंग्या येणं, हे नसांचं. पायांवर जांभळे ठिपके येणं रक्तवाहिन्यांचं. आणि कानाखालची लाळग्रंथी एका बाजूला सुजून तशीच राहणं, विशेषतः ती कडक लागत असेल, वजन उतरत असेल, रात्री घामाने अंथरूण भिजत असेल, तर विनाविलंब दाखवा. या आजारात लिम्फोमाचा, म्हणजे लिम्फोसाइट पेशींच्या कर्करोगाचा, धोका इतरांपेक्षा जास्त असतो, पण वेळेत सापडला तर उपचार आहेत. रक्तातला सी४ हा घटक कमी असेल तर मी अशा रुग्णांना जास्त लवकर लवकर बोलावतो.

एक अवयव असाही आहे जो आईच्या शरीरात नाही. शोग्रेनमध्ये सापडणारी अँटी-रो ही प्रतिपिंडं गर्भवतीच्या नाळेतून बाळापर्यंत जातात आणि क्वचित बाळाच्या हृदयाची विजेची वाट बंद पाडतात. अशा आयांच्या बाळांमध्ये साधारण शंभरात एक-दोघांना. बहुधा १८ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान बाळाचे ठोके एकदम मंदावतात. तुमच्या आईला आता त्याची चिंता नाही. पण तुम्ही प्रश्नाच्या शेवटी सहज लिहिलंय की तुमच्याही डोळ्यांत हल्ली वाळू गेल्यासारखं वाटतं, आणि लग्नाला एक वर्ष झालं आहे. हा आजार सरळ वारशाने येत नाही, तरी घरात एकीला असला की दुसरीला असण्याची शक्यता थोडी वाढते. मोबाइलमुळेही डोळे कोरडे होतात, बहुतेक वेळा तेच असतं. तरीही दिवस राहण्याआधी एकदा एएनए आणि अँटी-रो करून घ्या. पॉझिटिव्ह आलं तरी मूल होऊ नये असं काही नाही. त्या आठवड्यांत बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी ठरवून करायची असते, एवढंच.

आईला पुढच्या वेळी नागपूरला आणाल तेव्हा तिन्ही झटक्यांचे कागद एकत्र आणा, गावातली सलाईनची चिठ्ठीसुद्धा. डोळ्यांच्या आणि दातांच्या डॉक्टरांचे कागद असतील तेही त्याच पिशवीत टाका आणि सगळं एकाच डॉक्टरांसमोर ठेवा. सकाळची पहिली लघवी घेऊन या आणि तिचा सामू बघायला सांगा. रक्तात आम्ल जास्त असूनही लघवीचा सामू ५.५ च्या वर राहिला तर किडनीचा प्रश्न तिथेच स्पष्ट होतो. त्याच दिवशी पोटॅशियम, बायकार्बोनेट, क्लोराइड, कॅल्शियम, क्रिएटिनिन एकत्र करा. सिरप बंद होऊन किती दिवस झाले ते आजच आईला फोन करून विचारा. पंधरा दिवसांहून जास्त झाले असतील आणि जिना चढताना आईला मांडीवर हात टेकावा लागत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता उद्या सकाळीच पोटॅशियम तपासा.